मुरमाच्या वाटांवरचा फ्रान्स

फ्रान्सच्या खेड्यापाड्यांशी मराठी सायकलस्वारांची ओळख आता नवी राहिलेली नाही. दर चार वर्षांनी ऑगस्टमध्ये पुणे, मुंबई, नाशिक आणि इतर ठिकाणांहून बरीच मंडळी पॅरिस–ब्रेस्त–पॅरिससाठी तिकडे जातात. १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झालेली ही १२०० किलोमीटरची फेरी आज शर्यत राहिलेली नाही. वाटेतल्या थांब्यांवर कार्डावर शिक्के घेत ९० तासांच्या आत परत यायचे, एवढेच तिचे मागणे. लूदेआक, कारे ही ब्रिटनीतली आडगावे आपल्याकडच्या ब्रव्हे (ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब फेऱ्या) करणाऱ्यांना तोंडपाठ असतात. पण त्यांनी पाहिलेला फ्रान्स डांबरावरून पाहिलेला असतो. तोही बऱ्याचदा रात्री, पुढच्या सायकलच्या लाल दिव्यामागून, घड्याळावर एक डोळा ठेवून.

त्याच कारे गावात स्टेशनाच्या बाजूला जरा रेंगाळले, तर वेगळाच मुलूख उलगडू लागतो. १८९१ ते १९६७ या काळात कारे हे ब्रिटनीतल्या मीटर गेज रेल्वेचे जंक्शन होते. मोर्ले, गेंगाँ, रोस्पोर्देन, लूदेआक आणि शातोलें अशा पाच दिशांना इथून लाइनी फुटत. मोटारी आणि ट्रक वाढले, उतारू घटले आणि १९६७ मध्ये गेंगाँची लाइन तेवढी मोठ्या गेजची करून ठेवण्यात आली. बाकीचे रूळ उखडले गेले. रूळ गेले, स्लीपर गेले, पण त्यांच्यासाठी घातलेला भराव, टेकड्यांत खोदलेले कट आणि ओढ्यांवरचे दगडी पूल जागच्या जागी राहिले. आज त्या भरावावर दाबून बसवलेला मुरूम आहे. उत्तरेच्या मोर्लेहून निघून कारेमार्गे रोस्पोर्देन आणि तिथून दक्षिणेच्या काँकार्नो बंदरापर्यंत या वाटेने जाता येते. बहुतेक प्रवासात मोटार दिसते ती एखादा रस्ता ओलांडताना.

हे पुस्तक अशा वाटांचे आहे. ते शर्यतीचे मार्गदर्शक नाही आणि पर्यटनस्थळांची यादीही नाही. फ्रान्समध्ये गर्दीपासून, हॉर्नपासून, ट्रकच्या झोतापासून दूर राहून, जाड टायरची सायकल घेऊन गावोगाव हिंडायचे असेल तर कुठे जावे, तिथे पायाखाली काय असते आणि त्या वाटा मुळात तिथे आल्या कशा, हे त्यात आहे. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून या प्रस्तावनेचा बराचसा भाग मी त्याच्यावर खर्च करणार आहे. नकाशे आणि अंतरे पुढच्या प्रकरणांत येतीलच.

यातली जवळजवळ एकही वाट सायकलस्वारांसाठी बांधलेली नाही. कुणी बोटी ओढण्यासाठी बांधली, कुणी कोळसा, दारू आणि लोकर वाहण्यासाठी, कुणी बैलगाडी शेतापर्यंत नेण्यासाठी. ते काम संपले. काम संपल्यावर जमिनीचा पट्टा उरला आणि तो पट्टा पुष्कळ ठिकाणी सार्वजनिक मालकीचाच राहिला. या शांततेचे खरे कारण इथे आहे. जिथे पट्टा तुकड्यातुकड्याने विकला गेला, तिथे आज कुणाची तरी परसबाग आहे, गोदाम आहे, आणि सायकलस्वाराला मोठ्या रस्त्यावरून वळसा घालावा लागतो. फ्रान्समधल्या अनेक लांब वाटांना मधेच पडलेली भगदाडे दिसतात, ती अशा विक्रीची खूण आहे.

रेल्वेपासून सुरुवात करू. १८७० च्या दशकाच्या शेवटी शार्ल द फ्रेसिने हे फ्रान्सचे सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. रेल्वे फक्त मोठ्या शहरांची मिरास राहू नये, तालुक्याच्या लहानसहान गावांपर्यंत पोचावी, असा त्यांचा आग्रह होता. १८७९ च्या कायद्याने हजारो किलोमीटरच्या नव्या लाइनी मंजूर झाल्या. त्यांच्या मागोमाग जिल्ह्यांनी स्वस्तातल्या मीटर गेज लाइनी घातल्या. डोंगराळ, विरळ वस्तीच्या भागांतूनही गाडी धावू लागली. यातल्या पुष्कळ लाइनींना कधी पुरेसे उतारू मिळालेच नाहीत. १९३८ मध्ये राष्ट्रीय रेल्वे कंपनी स्थापन होताच कितीतरी गाड्या बंद झाल्या, उरलेल्या महायुद्धानंतर एकेक करून गेल्या. हिशेबाच्या वहीत हा तोटा होता. पण वाफेच्या इंजिनाला खडा चढ झेपत नाही म्हणून इंजिनियरांनी डोंगराच्या अंगाने वळसे घेत, बोगदे खणत, शंभर मीटरला दोन-तीन मीटरच चढेल असा मार्ग आखला होता. सामान लादलेली सायकल घेऊन जाणाऱ्या साध्या माणसाला हाच चढ सोसतो. डोंगराळ मुलखात, घाम न फुटता, दरीच्या काठाने तासन् तास सायकल चालवता येते ती त्या इंजिनियरांच्या कृपेने.

हे अनुभवायचे तर आर्देश जिल्ह्यात एरिय नदीच्या खोऱ्यात जावे. ऱ्होन नदीच्या काठच्या ला व्हूल्त गावापासून एक मीटर गेज लाइन वर सेंत-आग्रेव्हपर्यंत जात असे आणि मधल्या ल शेलार गावातून तिचा एक फाटा लामास्त्रकडे फुटत असे. १९६८ मध्ये ती बंद झाली. आज तिला 'दोल्चे व्हिया' म्हणतात आणि फाट्यासह ती सुमारे ९० किलोमीटर भरते. ला व्हूल्त समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभरेक मीटर उंचीवर आहे, सेंत-आग्रेव्ह हजार मीटरच्या वर. खाली पीचच्या बागा लागतात, या खोऱ्यातले पीच एके काळी फ्रान्सभर नावाजलेले होते. जरा वर गेले की उतारावर दगडी बांधांनी रचलेल्या पायऱ्यांची शेती, बरीचशी आता पडीक. त्यानंतर चेस्टनटची झाडे, आणि सगळ्यात वर गवताळ पठार आणि पाइन. एका दिवसात चार हवामाने ओलांडल्यासारखे होते आणि गिअर मात्र फारसे बदलावे लागत नाहीत.

या वाटेवर मला सगळ्यात जास्त थांबवून ठेवतात ती फाटकवाल्यांची घरे. जिथे लाइन रस्ता ओलांडत असे तिथे रेल्वेने एकसारखी छोटी घरे बांधली होती. खाली एक-दोन खोल्या, वर उतरते छप्पर, कोपऱ्यांना चिरेबंदी दगड, भिंतीवर क्रमांक. फाटक उघडण्या-मिटण्याचे काम बऱ्याचदा बाईकडे असे. नवरा लाइनीवर गँगमध्ये आणि बायको फाटकावर, अशी नेमणूक फ्रान्सभर रूढ होती. गाडी येण्याआधी फाटक लावायचे, गेल्यावर उघडायचे, दिवसा आणि रात्री. घर मिळे, पगार तुटपुंजा असे. आज या घरांत कुणी राहते, कुणी सुट्टीला येते, काही बंद आहेत. भिंतीवरचा क्रमांक मात्र अनेकांनी मुद्दाम जपला आहे, नवा रंग देताना त्याच्याभोवतीची चौकट तशीच सोडली आहे. दाराशी उभे राहिले की मुरमाची वाट डाव्या-उजव्या हाताला सरळ जाताना दिसते आणि त्या बाईचे जग किती लांब आणि किती अरुंद असेल याची कल्पना येते.

दक्षिणेत माझामे ते बेदारिय ही सुमारे ८० किलोमीटरची वाट अशीच रेल्वेची आहे. माझामे हे मेंढ्यांच्या कातड्यांवरून लोकर वेगळी करण्याच्या धंद्यावर मोठे झालेले गाव. कातडी येत अर्जेंटिना, ऑस्ट्रेलियातून. वाटेत एक बोगदा लागतो. त्याच्या पश्चिमेचे पाणी अटलांटिकला जाते, पूर्वेचे भूमध्य समुद्राला. पश्चिमेला ओली कुरणे आणि गर्द झाडी, तर पूर्वेला उतरत गेले की द्राक्षमळे, चेरी आणि तापलेला खडक. भूगोलाच्या पुस्तकातला जलविभाजक बोगद्यातल्या गारव्यातून सायकलने ओलांडण्यात जो आनंद आहे, तो मला नकाशावर बोट फिरवून कधी मिळाला नव्हता.

रेल्वेहून जुन्या आहेत त्या कालव्यांच्या वाटा. बोटीला इंजिन येण्याआधी ती काठावरून दोराने ओढत. घोडे ओढत, खेचरे ओढत, गरीब नाविकांच्या घरची माणसेही छातीला पट्टा बांधून ओढत. त्यासाठी पाण्याच्या कडेने अखंड, सपाट पायवाट लागे. तिथे झाड नको, कुंपण नको, दोर अडकेल असे काहीही नको. ती वाट कालव्याचाच भाग, म्हणून तीही सरकारी.

ब्रिटनीतला नांत–ब्रेस्त कालवा हे याचे मोठे उदाहरण. इंग्रजांच्या आरमाराने किनारा अडवून धरला होता. समुद्रात न उतरता नांतचा माल ब्रेस्तच्या नौदल तळाला पोचवावा म्हणून नेपोलियनच्या काळात, १८११ मध्ये, कामाला हात घातला गेला. कालवा पूर्ण व्हायला १८४२ साल उजाडले. तोवर नेपोलियनही गेला होता आणि नाकेबंदीही. सुमारे ३६० किलोमीटर लांबी आणि दोनशेहून अधिक जलपाश (पाण्याची पातळी चढवण्या-उतरवण्यासाठी बांधलेले दरवाज्यांचे हौद) असा तो पसारा. कारेच्या पूर्वेला ग्लोमेल गावाजवळ हा कालवा आपल्या सर्वांत उंच जागी पोचतो. तिथली टेकडी ओलांडण्यासाठी सुमारे तीन किलोमीटर लांबीचा, जागोजागी वीस मीटरहून खोल चर खणला आहे. तो १८२३ ते १८३२ या काळात ब्रेस्तच्या तुरुंगातून आणलेल्या कैद्यांनी कुदळ-फावड्याने खणला. दोन्ही बाजूंना आज उंच झाडी माजली आहे, खाली पाणी हिरवे-काळे आणि स्थिर. सायकलची वाट चराच्या काठाने जाते आणि उतारावरची माती अजून पावसाळ्यात थोडी थोडी घसरते. इथे नऊ वर्षे बेड्या घातलेली माणसे चिखल उपसत होती, हे माहीत असताना कुणी इथून वेगाने जाईल असे मला वाटत नाही. ही माहिती आधी असावी, म्हणून ती या पुस्तकात आहे.

ग्लोमेलच्या पूर्वेला काही अंतरावर कालवा तुटतो. १९३० मध्ये पूर्ण झालेल्या गेर्लेदां धरणाने त्याचा मधला भाग बुडवला, जलपाश आणि पाशरक्षकांची घरे पाण्याखाली गेली, आणि नांत ते ब्रेस्त असा सलग जलमार्ग कायमचा संपला. २०१५ मध्ये तपासणीसाठी धरण रिकामे केले तेव्हा गाळातून ती घरे आणि ते दगडी हौद पुन्हा वर आले आणि ते बघायला माणसांची रीघ लागली. आज सायकलस्वार या जागी कालवा सोडतो आणि ग्वारेक ते म्यूर-द-ब्रतान्य या टप्प्यात बंद पडलेल्या रेल्वेची वाट धरतो. एका मोडलेल्या व्यवस्थेने दुसऱ्या मोडलेल्या व्यवस्थेचा दुवा जोडून दिला आहे.

कालव्यांचा राजा अर्थात काना दु मिदी. पिएर-पॉल रिके हा मिठावरचा कर गोळा करणारा गृहस्थ, इंजिनियर नव्हे. तुलूझपासून भूमध्य समुद्राकाठच्या 'तो' नावाच्या सरोवरापर्यंत २४० किलोमीटरचा कालवा खणायचा ध्यास त्याने घेतला. १६६६ मध्ये राजाज्ञा निघाली, १६८१ मध्ये कालवा खुला झाला, आणि त्याच्या आदल्याच वर्षी रिके गेला होता. कालव्याच्या माथ्यावर पाणी कुठून आणायचे हा सगळ्यांना अडवणारा प्रश्न होता. रिकेने तो काळ्या पर्वताचे ओढे एका मोठ्या तलावात अडवून आणि तिथून चर काढून नोरूझच्या खिंडीत पाणी आणून सोडवला. मला मुख्य कालव्याइतकाच हा पाणी आणणारा चर आवडतो. माणसाला जेमतेम उडी मारून ओलांडता येईल एवढा तो अरुंद असतो, शेतांच्या उंचसखल रेषा पाळत वळवळत जातो आणि त्याच्या काठाने मातीची वाट आहे. तिथे पर्यटकांच्या बोटी नाहीत, कॅफे नाहीत.

मुख्य कालव्याच्या काठी तुलूझकडून पन्नासेक किलोमीटर डांबर आहे. त्यापुढे वाट बऱ्याच ठिकाणी मातीची होते आणि झाडांच्या मुळांनी हाडे खिळखिळी करते. ही झाडे म्हणजे प्लेन. एकोणिसाव्या शतकात सावलीसाठी आणि काठ धरून ठेवण्यासाठी ती लावली, एकूण सुमारे ४२ हजार. २००६ मध्ये त्यांच्यावर एका बुरशीचा रोग आढळला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून ती बुरशी फ्रान्समध्ये आली, असे मानले जाते. रोगावर औषध नाही. झाड तोडायचे आणि जाळायचे, शेजारची झाडेही. हजारो झाडे गेली आहेत. कार्कासोनच्या आसपास अजूनही उघडे काठ दिसतात आणि त्यांवर नव्याने लावलेली वेगवेगळ्या जातींची तरुण झाडे. जुनी छायाचित्रे पाहून तिथे जाणाऱ्याचा जीव तुटतो. तरीही जावे. जलपाशाजवळच्या पाशरक्षकाच्या घरावर अजून ती पाटी असते, पाशाचे नाव आणि पुढचा व मागचा पाश किती अंतरावर आहे ते सांगणारी. बोटवाल्यांसाठी लावलेल्या त्या पाट्यांवर सायकलस्वाराचे मोजमापही अगदी बरोबर बसते.

रेल्वे आणि कालवे सोडले की उरतात शेतांमधल्या आणि जंगलातल्या वाटा, आणि लांबीने त्याच सगळ्यात जास्त. फ्रान्समध्ये गावाच्या मालकीच्या कच्च्या वाटांना 'शमें र्युराल' म्हणतात. आपल्याकडे पाणंद आणि शिवरस्त्यांवरून वर्षानुवर्षे दावे चालतात, ज्यांनी ते पाहिले आहेत त्यांना पुढचे सांगायला नको. शमें र्युराल गावाची खरी, पण गावाच्या खासगी मालमत्तेत मोडते. म्हणजे शेजारच्या शेतकऱ्याने ती नांगराखाली घेऊन तीस वर्षे निर्वेध वहिवाटली, तर तो मालकी सांगू शकतो. लोकांचा वापर थांबला आहे असे दिसले, तर गावाची परिषद चौकशी करून ती विकूही शकते. महायुद्धानंतर शेतजमिनींचे एकत्रीकरण झाले तेव्हा ब्रिटनीत बांधबंदिस्ती, कुंपणांच्या झाडोऱ्याच्या रांगा आणि त्यांमधून जाणाऱ्या जुन्या बोळवाटा बुलडोझरखाली गेल्या. ट्रॅक्टरला मोठी शेते हवी होती, आणि शेतकऱ्याची अडचण खोटी नव्हती. पण किती वाटा गेल्या हे गावातल्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक.

१९८३ पासून जिल्ह्यांना फिरण्याच्या वाटांची अधिकृत यादी करण्याचा अधिकार मिळाला. यादीत आलेली वाट विकायची तर गावाला तेवढ्याच कामाची दुसरी वाट द्यावी लागते. १९९१ च्या कायद्याने मोटारी आणि मोटरसायकलींना सार्वजनिक रस्त्यांबाहेर रानात शिरायला बंदी केली. २००४ मध्ये वाहतूक नियमांत 'वुआ व्हेर्त', म्हणजे हरितमार्गाची व्याख्या आली. हा मार्ग पायी चालणाऱ्यांचा, घोडेस्वारांचा आणि बिनमोटारी वाहनांचा. त्याआधीच, १९९७ मध्ये, बर्गंडीत जिव्ह्री ते क्ल्यूनी या जुन्या रेल्वेमार्गावर पहिला हरितमार्ग सुरू झाला होता. हे तपशील रूक्ष वाटतील, पण या वाटांवरची शांतता याच कलमांच्या आधाराने टिकून आहे. शमें र्युराल वाचते ती वापराने. तिच्यावरून माणसे जातात, ही गोष्ट कायद्यापुढे पुरावा ठरते. परक्या देशातून आलेल्या सायकलस्वाराच्या चाकोरीचीही त्यात भर पडते, याचे मला फार समाधान आहे.

जंगलांबद्दल थोडक्यात. सरकारी जंगलांतले रस्ते लाकूड वाहणाऱ्या ट्रकसाठी केलेले असतात, तोंडाशी अडसर असतो आणि सायकल त्याच्या बाजूने जाते. नैऋत्येच्या लांद प्रदेशात पाइनच्या जंगलातून वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी आखलेले मार्ग रेघेसारखे सरळ आहेत. मला ते कंटाळवाणे वाटतात. २०२२ च्या भयंकर वणव्यांनंतर उन्हाळ्यात धोका वाढला की तिथे प्रवेश बंद होतो. तो नियम काटेकोर पाळावा.

आता सायकलविषयी. 'ग्रॅव्हल बाइक' हे नाव अमेरिकेतून आले आणि गेल्या काही वर्षांत तिचा मोठा बाजार उभा राहिला. पण कच्च्या रस्त्यावर दूर जाणारी, जाड टायरची, अनेक गिअरची हलकी सायकल फ्रान्सने फार पूर्वी घडवली होती. पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) हे सेंत-एतिएनचे गृहस्थ, 'व्हेलोसियो' या नावाने ओळखले जात. १८८७ मध्ये त्यांनी सायकलींचे एक मासिक काढले आणि आयुष्यभर दोन गोष्टींचा प्रचार केला. शर्यतीऐवजी भटकंती, आणि एकाऐवजी अनेक गिअर. तूर द फ्रान्सच्या संयोजकांनी गिअर बदलणारे डिरेलर १९३७ पर्यंत स्पर्धेत येऊ दिले नाही. व्हेलोसियो त्याच्या कितीतरी आधीपासून डोंगरांतल्या कच्च्या रस्त्यांवर ते वापरून पाहत होते. त्या काळी रस्ते कच्चेच होते, म्हणून तिकडच्या कारागिरांनी ५८४ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसणारे फुगीर टायर वापरले. त्याच मापाला आज '६५०बी' म्हणतात आणि नव्या ग्रॅव्हल सायकलींच्या जाहिरातीत ते पुन्हा झळकते. वाचकांनी नवी सायकल घेण्याआधी हे लक्षात ठेवावे, असे मला मनापासून वाटते. ४० मिलिमीटरच्या आसपासचे टायर आणि एक खूप हलका गिअर असलेली कुठलीही धडधाकट सायकल या वाटांना पुरते.

शर्यतींनीही अलीकडे मुरूम पुन्हा शोधला आहे. २०२४ च्या तूर द फ्रान्समध्ये त्रुआ शहराभोवतीच्या टप्प्यात शांपान्यच्या पांढऱ्या कच्च्या रस्त्यांचे १४ तुकडे, मिळून ३२ किलोमीटर, घातले होते. माझ्या मनात अधिक आदर आहे तो ब्रिटनीतल्या 'त्रो ब्रो लेओं' या शर्यतीबद्दल. १९८४ मध्ये ब्रेतों भाषेच्या शाळांना पैसा उभा करण्यासाठी ती सुरू झाली. शेतांमधल्या कच्च्या वाटांवरून ती जाते आणि पहिल्या येणाऱ्या ब्रेतों स्पर्धकाला डुकराचे पिल्लू बक्षीस मिळते. भाषा आणि वाट, दोन्ही वापरल्यावाचून टिकत नाहीत, हे त्या संयोजकांना नीट कळले होते.

एक वाद मात्र मला इथे टाळता येत नाही. अनेक जिल्हे मुरमाच्या हरितमार्गांवर डांबर घालू लागले आहेत. डांबराच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. व्हीलचेअर, बाबागाडी, रोलर स्केट, पावसाळ्यात शाळेला जाणारी मुले, यांना गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. मुरूम दर काही वर्षांनी नव्याने दाबावा लागतो, पावसाने चर पडतात, खर्च सुटत नाही. तरीही गावापासून पाच-सहा किलोमीटरपलीकडे डांबर नेऊ नये, असे माझे मत आहे. मुरमात पाणी जिरते, उन्हात तो तापत नाही, झाडांच्या मुळांना श्वास घेऊ देतो. शिवाय मुरमावर वेग आपोआप मर्यादेत राहतो, त्यामुळे म्हातारी माणसे आणि घोडे बिनधास्त चालतात. डांबर पडले की सायकलींचे थवे ताशी तीसच्या वेगाने येऊ लागतात आणि पायी चालणारा कडेला सरकतो. ब्रिटनीतला ग्रॅनाइटचा तांबूस-पिवळा, आर्देशमधला करडा, शांपान्यमधला खडूसारखा पांढरा, असा मुरूम त्या त्या मातीचा रंग घेऊन असतो. पाऊस पडला की शांपान्यचा खडू निसरडा होतो, चकमकीचे तुकडे टायर कापतात. हे त्रास खरे आहेत आणि पुढे जागोजागी नोंदवले आहेत. ते सोसण्याजोगे आहेत.

प्रवासाला निघणाऱ्यांसाठी काही गोष्टी. खेड्यांतली दुकाने दुपारी दोन तास बंद असतात, सोमवारी पुष्कळदा दिवसभर. त्यामुळे ब्रेड सकाळीच घ्यावा. आडगावात पाणी हवे असेल तर दफनभूमी शोधावी. फुलझाडांसाठी तिथे नळ असतो. पाणी पिण्याजोगे नसल्यास सहसा तशी पाटी असते. फाटक उघडे असले तरी आत आवाज करू नये आणि सायकल बाहेर ठेवावी. सप्टेंबर ते फेब्रुवारी हा शिकारीचा हंगाम. तेव्हा जंगलात भडक केशरी कपडे घालावेत आणि त्या दिवशी शिकार चालू असल्याची पाटी दिसली तर वाट बदलावी. नकाशा १:२५,००० प्रमाणाचा सरकारी वापरावा. त्यावर कच्च्या वाटा, जंगलातले रस्ते आणि उखडलेल्या रेल्वेलाइनी दिसतात आणि पुष्कळ वेळा आपली वाट आपणच जोडता येते. जिल्ह्याजिल्ह्यांत धावणाऱ्या साध्या गाड्यांत सायकल नेता येते, काही ठिकाणी हंगामात आरक्षण लागते.

पुस्तकातली प्रकरणे उत्तरेकडून दक्षिणेकडे आहेत, पण वाचताना आणि जाताना हा क्रम पाळण्याची गरज नाही. पहिल्यांदाच जाणाऱ्याने मायेन नदीकाठच्या वाटेने सुरुवात करावी. मायेन गावापासून लाव्हालमार्गे दाओंपर्यंत ऐंशीहून अधिक किलोमीटर नदी सोडायची नाही, चढ नाही, चुकायला जागा नाही. लहान मुले बरोबर असली तरी तीन-चार दिवसांत आरामात होते. पॅरिस–ब्रेस्त–पॅरिसला जाणाऱ्यांनी परतीचे तिकीट आठवडाभर पुढचे काढावे आणि पाय बरे झाले की रेल्वेने मोर्ले गाठून कारेकडे निघावे. आर्देशला मे किंवा सप्टेंबरमध्ये जावे, जुलै-ऑगस्टच्या उन्हात खालचे खोरे भाजून काढते. काना दु मिदीचा मातीचा टप्पा मी मुद्दाम शेवटच्या प्रकरणात ठेवला आहे. मुळांवरून सायकल कशी न्यावी हे तोवर हातांना कळलेले असते, आणि तिथे दिवसाला चाळीस किलोमीटरच्या वर बेत आखू नये.